खुर्ची जाते, ओळखी राहतात

जुलै २०१६ मध्ये जॉर्ज ऑस्बर्न यांचं ब्रिटनचं अर्थमंत्रिपद गेलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते ब्लॅकरॉक या जगातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणूक कंपनीचे सल्लागार झाले. काम महिन्यातून चार दिवस आणि मोबदला वर्षाला ६,५०,००० पाउंड. भागाकार केला तर एका दिवसाचे साडेतेरा हजार पाउंड पडतात. ते तेव्हा खासदारही होते, आणि खासदाराचा अख्ख्या वर्षाचा पगार होता सुमारे ७५,००० पाउंड. म्हणजे वर्षभराची खासदारकी एका बाजूला आणि सल्ल्याचे जेमतेम सहा दिवस दुसऱ्या बाजूला.

यात बेकायदा काहीच नव्हतं. अशा नेमणुकांबद्दल मत देणारी एक समिती ब्रिटनमध्ये तेव्हा होती. तिच्याकडे रीतसर अर्ज गेला होता आणि काही अटी घालून तिने हरकत नसल्याचं कळवलं होतं. तरीही बातमी वाचणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न राहतोच. त्या चार दिवसांत नेमकं विकलं काय जातं?

माजी मंत्री खासगी कंपन्यांकडे वळतात हा विषय आला की चर्चा पटकन 'सगळेच भ्रष्ट' किंवा 'त्यांनी पोट भरायचं नाही का' या दोन टोकांना जाऊन बसते. मधली गोष्ट मात्र फारशी कोणी उलगडून सांगत नाही. खरं तर हा लाचेचा विषयच नाही. लाच ओळखायला सोपी असते, कारण पैसे इकडे आणि सही तिकडे. इथे पैसे आणि सही यांच्यामध्ये दोन-तीन वर्षं असतात, मधे एक निवडणूक असते, आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघितल्या तर स्वच्छ दिसतात.

कंपनी विकत काय घेते

आधी गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघू. मोठ्या कंपनीला सरकारकडून काही ना काही हवं असतं. कधी परवाना, कधी कंत्राट, कधी करात सवलत, कधी नव्या कायद्याच्या मसुद्यातलं एखादं वाक्य. बाहेरून बघणाऱ्याला सरकार ही एक भिंत वाटते. आत राहून आलेल्या माणसाला तिच्यातले दरवाजे माहीत असतात. पत्र ज्याच्या नावाने जातं तो निर्णय घेत नाही, निर्णयाची टिपणी तीन पायऱ्या खाली कोणीतरी लिहितो, अर्थखात्याची पहिली शंका कोणती असणार, 'आम्ही विचार करू' याचा अर्थ होकार की नकार, हे सगळं त्याला ठाऊक असतं. हे ज्ञान खरं आहे आणि ते विकण्यात गैर काही नाही. वर्षानुवर्षं एखाद्या धंद्यात काढलेला कोणीही माणूस हेच करतो.

दुसरी चीज म्हणजे आतली बातमी. पुढच्या वर्षी कोणता नियम येणार आहे, प्रतिस्पर्धी कंपनीने निविदेत काय मांडलं होतं, कुठल्या योजनेचा निधी आटणार आहे. मंत्री असताना हे सगळं टेबलावरून गेलेलं असतं आणि पद सोडताना डोकं काही रिकामं करून ठेवता येत नाही.

तिसरी चीज म्हणजे नाव. कंपनीच्या कागदावर माजी परराष्ट्रमंत्र्याचं नाव दिसलं की परदेशातला गुंतवणूकदार जरा सावरून बसतो. अनेक माजी मंत्री संचालक मंडळावर बिगर-कार्यकारी, म्हणजे रोजच्या कारभारात नसलेले, संचालक म्हणून जातात ते मुख्यतः यासाठी. हा प्रकार बराचसा शोभेचा आणि तुलनेने निरुपद्रवी.

आणि चौथी, ज्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजले जातात, ती म्हणजे उचलला जाणारा फोन. अनोळखी कंपनीने मंत्र्याच्या कार्यालयात फोन केला तर 'ईमेल पाठवा' असं उत्तर मिळतं. कालपर्यंत मंत्रिमंडळात शेजारी बसणाऱ्याने फोन केला तर तो उचलला जातो. पलीकडच्या माणसाने त्याच्याबरोबर निवडणुका लढवलेल्या असतात, किंवा तो सचिव त्याच्याच हाताखाली वर चढलेला असतो. 'जरा बघ ना' एवढं म्हटलं तरी पुरतं. कोणी कोणाला धमकावत नाही, कोणी पैसे देत नाही. फक्त ढिगातली एक फाइल वर येते.

'फक्त' म्हटलं खरं, पण खाली सरकणाऱ्या फायली कुणाच्या असतात हेही बघायला हवं. ज्यांच्याकडे माजी मंत्री ठेवायला पैसे नाहीत त्यांच्या. बारकी कंपनी, रुग्णांची संघटना, नियमाचा फटका बसणारे लोक. नुकसान होतं पण कोणाच्या अंगावर ओरखडा दिसत नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

अनुभव आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या काढून मोजता येतात का? अमेरिकेतल्या माहितीवरून तीन अर्थशास्त्रज्ञांनी हे करून बघितलं. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. त्यांनी मंत्री नव्हे तर सिनेटरांच्या कार्यालयात काम करून नंतर लॉबिंगच्या धंद्यात, म्हणजे कंपन्यांच्या वतीने सरकारदरबारी शब्द टाकण्याच्या व्यवसायात गेलेली माणसं निवडली. मग पाहिलं की ज्या सिनेटरकडे ते पूर्वी होते तो सिनेटर पायउतार झाला की त्यांच्या कमाईचं काय होतं. ती सरासरी २४ टक्क्यांनी घसरते, वर्षाला सुमारे १,८२,००० डॉलरने. आता या माणसाचं कायद्याचं ज्ञान त्या दिवशी कमी झालेलं नाही. फाइल कशी फिरते हेही तो विसरलेला नाही. बदललं एवढंच की त्याच्या ओळखीचा माणूस खुर्चीवर नाही. कमाईचा चौथा भाग त्या एका ओळखीचा होता.

हा आकडा माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली आहे. अनुभव टिकाऊ असतो, ओळख नासणारी. अनुभव दहा वर्षांनीही उपयोगी पडतो. ओळख, आतली बातमी, उचलला जाणारा फोन यांची किंमत दर महिन्याला उतरत जाते, कारण खुर्चीवरची माणसं बदलतात आणि बातम्या शिळ्या होतात. म्हणूनच विकणाऱ्यालाही घाई असते आणि घेणाऱ्यालाही. पद सोडल्यावर कोणी तीन महिन्यांत नोकरी धरली आणि कोणी चार वर्षांनी, तर त्या दोन नोकऱ्यांचं नाव एकच असलं तरी विकला गेलेला माल वेगळा असतो.

खरी गडबड जाण्याआधी

लोकांचं लक्ष मंत्री बाहेर पडल्यावर काय करतो याकडे असतं. धोका मात्र तो आत असताना असतो. पुढे आपल्याला कोण नोकरी देऊ शकेल हे खुर्चीवर बसलेल्या माणसाला दिसत असतं. कोणी काही बोलायची गरज नसते. एखाद्या कंपनीला दुखावलं तर एक दार बंद होईल एवढं मनात आलं तरी सहीचा हात किंचित वळू शकतो. वळला की नाही हे त्यालाही सांगता येणार नाही, आणि इथेच हा विषय निसरडा होतो.

गेऱ्हार्ड श्रोडर यांचं उदाहरण घ्या. जर्मनीचे चॅन्सेलर असताना त्यांनी बाल्टिक समुद्राखालून रशियाचा नैसर्गिक वायू आणणाऱ्या वाहिनीला जोरदार पाठिंबा दिला. त्याचा करार सप्टेंबर २००५ मध्ये झाला, संसदेच्या निवडणुकीच्या दहा दिवस आधी. नोव्हेंबरमध्ये त्यांचं पद गेलं. डिसेंबरमध्ये ते त्याच वाहिनीच्या कंपनीच्या भागधारक समितीचे अध्यक्ष होणार हे जाहीर झालं. वायुवाहिनी जर्मनीच्या हिताची आहे असं त्यांना मनापासून वाटत असेलही. पण करार आणि नोकरी यांच्यात इतकं कमी अंतर असलं की प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. पुढे २०१७ मध्ये ते रॉसनेफ्ट या रशियन सरकारी तेलकंपनीचे अध्यक्ष झाले आणि युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये, बराच गदारोळ झाल्यावर, तिथून बाहेर पडले. त्याच वर्षी जर्मन संसदेने माजी चॅन्सेलर म्हणून मिळणारं त्यांचं कार्यालय आणि कर्मचारी काढून घेतले.

अमेरिकेचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांनी जुलै १९९९ मध्ये पद सोडलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ते सिटीग्रुपमध्ये रुजू झाले. बँक, विमा आणि शेअर बाजाराचे धंदे एका छताखाली आणायला मोकळीक देणारा कायदा त्याच नोव्हेंबरमध्ये झाला. सिटीग्रुप तर त्याच प्रकारे आधीच एकत्र आलेली होती, त्यामुळे हा कायदा तिला हवाच होता. मंत्री असताना रुबिन अशा बदलाच्या बाजूने होते. दहा वर्षांत त्यांना त्या कंपनीकडून ११.५ कोटी डॉलरहून अधिक मिळाले. नियमभंग झाल्याचं कधी सिद्ध झालं नाही. २००८ च्या संकटात सरकारने सिटीग्रुपमध्ये ४,५०० कोटी डॉलर ओतले तेव्हा ही जुनी गोष्ट लोकांनी पुन्हा उकरून काढली.

'मनातलं कसं पकडणार' असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रकरण मात्र असं आहे जिथे ते पकडलं गेलं. डार्लीन ड्रुयुन या मंत्री नव्हत्या, अमेरिकी हवाई दलाच्या खरेदी विभागातल्या बड्या अधिकारी होत्या. बोइंगकडून हवेत इंधन भरणारी विमानं घेण्याचा अब्जावधी डॉलरचा व्यवहार हाताळत असतानाच त्या बोइंगशी स्वतःच्या नोकरीची बोलणी करत होत्या. २००४ मध्ये त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. बोलणी करणारा बोइंगचा मुख्य वित्त अधिकारीही चार महिने तुरुंगात गेला. इथे शिक्षा झाली कारण नोकरीची बोलणी खुर्चीवर असतानाच झाली होती आणि त्याचा पुरावा होता. बोलणी न करता दोघांनीही फक्त वाट पाहिली असती तर?

सरकारातून कंपनीत जाण्याला प्रत्येक भाषेत वेगळं नाव आहे, यावरूनच हा प्रकार किती सर्वत्र आहे ते कळतं. इंग्रजीत 'रिव्हॉल्व्हिंग डोअर', फिरतं दार. मंत्रालयातून कंपनीत आणि कंपनीतून पुन्हा मंत्रालयात. डिक चेनी अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते, मग १९९५ ते २००० हॅलिबर्टन या तेलसेवा कंपनीचे प्रमुख, आणि २००१ मध्ये थेट उपराष्ट्राध्यक्ष. दार पूर्ण फिरलं. जपानमध्ये बडे अधिकारी निवृत्तीनंतर कंपन्यांत जातात त्याला 'अमाकुदारी' म्हणतात, म्हणजे स्वर्गातून खाली उतरणं. फ्रेंचांचा शब्द मला सर्वांत आवडतो, 'पांतुफ्लाज'. मूळ शब्द पांतुफ्ल, म्हणजे घरात पायात घालायच्या सपाता. सरकारी नोकरीतले कडक बूट काढायचे आणि खासगी कंपनीच्या मऊ सपाता चढवायच्या.

थांबा, मग जा

ओळख नासते हे एकदा मान्य केलं की उपायही समोर दिसतो. तिला नासू द्यायचं. जगभरच्या नियमांचा गाभा एवढाच आहे. पद सोडल्यावर ठरावीक काळ त्या क्षेत्रात नोकरी करायची नाही, किंवा नोकरी करा पण जुन्या सहकाऱ्यांकडे शब्द टाकायला जायचं नाही. याला 'कूलिंग ऑफ' म्हणतात. तवा तापलेला असताना हात लावू नका, निवला की काय करायचं ते करा.

किती काळ, यावर मात्र एकमत नाही. कॅनडात माजी मंत्र्याला पाच वर्षं लॉबिंग करता येत नाही. हा सर्वांत कडक नियमांपैकी एक. फ्रान्समध्ये तीन वर्षं एक स्वतंत्र प्राधिकरण अशा नोकऱ्या तपासतं आणि अडवू शकतं. जर्मनीने श्रोडर प्रकरणानंतर दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, कायदा केला. पद सोडल्यावर दीड वर्षापर्यंत मंत्र्याने नवी नोकरी आधी कळवायची आणि सरकार ती एक वर्ष, फार झालं तर दीड वर्ष लांबवू शकतं. अमेरिकेत मंत्रिपातळीच्या व्यक्तीला दोन वर्षं वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दुसऱ्याचं काम घेऊन जाता येत नाही. शिवाय ज्या विशिष्ट प्रकरणात तिने स्वतः भाग घेतला त्याबद्दल सरकारपुढे दुसऱ्याची बाजू मांडायला जन्मभर बंदी आहे.

या अमेरिकी नियमाची एक बाजू नीट बघण्यासारखी आहे. बंदी संपर्कावर आहे, सल्ल्यावर नाही. म्हणजे माजी मंत्र्याने स्वतः फोन करायचा नाही. पण कोणाला, कधी, काय म्हणून फोन करायचा हे तो शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगू शकतो. तिथली लॉबिंगची नोंदणीही अशीच आहे. एका गिऱ्हाइकासाठी आपला २० टक्क्यांपेक्षा कमी वेळ लॉबिंगमध्ये गेला तर नोंदणी करावी लागत नाही. त्यातून 'धोरणात्मक सल्लागार' नावाची एक जातच निर्माण झाली. पाटी बदलली, दुकान तेच.

युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाची गोष्ट तर नियमांची चेष्टाच वाटते. जोसे मान्युएल बारोझो दहा वर्षं आयोगाचे अध्यक्ष होते. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस ते बाहेर पडले. तेव्हा थांबण्याचा काळ होता १८ महिने. गोल्डमन सॅक्स या बँकेने त्यांना घेतल्याची बातमी आली जुलै २०१६ मध्ये, म्हणजे २० महिन्यांनी. आयोगाच्या नीतिमत्ता समितीने नियमभंग झालेला नाही असं सांगितलं, पण त्यांनी तारतम्य दाखवायला हवं होतं असंही नोंदवलं. मग २०१८ मध्ये नियम बदलला. आयुक्तांसाठी दोन वर्षं, अध्यक्षांसाठी तीन. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लागलं, पण निदान लागलं.

ब्रिटनची समिती आणि तिचे दात

नियम कागदावर असतो तेव्हा आणि माणसांवर लागतो तेव्हा काय फरक पडतो हे बघायला ब्रिटनसारखी दुसरी जागा नाही. ज्या समितीचा सुरुवातीला उल्लेख आला ती 'ॲकोबा' या लघुनावाने ओळखली जायची. १९७५ मध्ये ती सनदी अधिकाऱ्यांसाठी स्थापन झाली आणि १९९५ पासून मंत्रीही तिच्या कक्षेत आले. पद सोडल्यावर दोन वर्षांत कोणतंही काम स्वीकारायचं तर आधी समितीला विचारायचं. मंत्रिमंडळातल्या मंत्र्याने किमान तीन महिने थांबायचं, आणि दोन वर्षं सरकारकडे लॉबिंग करायचं नाही.

सगळं नीट वाटतं. एकच उणीव होती. समितीचं ऐकलं नाही तर काय? काही नाही. ती एक खरमरीत पत्र लिहायची आणि ते प्रसिद्ध करायची. दंड नाही, बंदी नाही, खटला नाही.

ऑस्बर्न यांनीच पुढे दाखवून दिलं. मार्च २०१७ मध्ये ते 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या लंडनच्या दैनिकाचे संपादक होणार हे जाहीर झालं, तेव्हा समितीचं उत्तर अजून आलेलंच नव्हतं. बोरिस जॉन्सन यांचा विक्रम याहून वरचा. २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडल्यावर तीन महिने न थांबता त्यांनी 'डेली टेलिग्राफ'मधला आपला सदरलेखनाचा करार पुन्हा सुरू केला. वर्षाला २,७५,००० पाउंड. समितीने नियमभंग झाल्याचं म्हटलं. पुढे ते पंतप्रधान झाले, पायउतार झाले, आणि जून २०२३ मध्ये 'डेली मेल'मध्ये लिहिणार असल्याचं समितीला त्यांनी कळवलं ते जाहीर होण्याच्या अर्धा तास आधी. समितीने पुन्हा नियमभंग म्हटलं. सदर चालू राहिलं.

तरीही ही फार किरकोळ प्रकरणं आहेत. वृत्तपत्रात लिहिल्याने देशाची तिजोरी हलत नाही. जास्त बोलका प्रकार डेव्हिड कॅमेरन यांचा आहे, कारण त्यात कोणताच नियम मोडला गेला नाही.

कॅमेरन यांनी जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानपद सोडलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ते ग्रीनसिल कॅपिटल या कंपनीचे सल्लागार झाले. महिने मोजा, दोन वर्षं आणि वर एक महिना. समितीला विचारायची गरज संपलेली. ग्रीनसिलचा धंदा समजायला सोपा आहे. पुरवठादाराने माल दिला, पण खरेदीदार पैसे देणार तीन महिन्यांनी. ग्रीनसिलने मधे पडून थोडं कापून लगेच पैसे द्यायचे आणि नंतर खरेदीदाराकडून पूर्ण वसूल करायचे. या कंपनीचे संस्थापक लेक्स ग्रीनसिल कॅमेरन यांच्याच कारकिर्दीत पंतप्रधान कार्यालयाचे बिनपगारी सल्लागार म्हणून वावरले होते.

२०२० मध्ये कोरोना आला. मोठ्या कंपन्यांना तगवण्यासाठी सरकारने बँक ऑफ इंग्लंडमार्फत एक कर्जयोजना काढली. ग्रीनसिलला तिच्यात शिरायचं होतं आणि ती निकषांत बसत नव्हती. मग कॅमेरन यांनी अर्थमंत्री ऋषी सुनाक यांना, इतर मंत्र्यांना आणि अर्थखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना मोबाइलवर संदेशांवर संदेश पाठवले. सुनाक यांनी अधिकाऱ्यांना पर्याय तपासायला सांगितलं. बैठका झाल्या. अखेर नकार मिळाला, आणि मार्च २०२१ मध्ये ग्रीनसिल कोसळली.

आता चाळण्या मोजू. दोन वर्षांचा नियम? मुदत संपलेली. लॉबिंग करणाऱ्यांची नोंदवही? ती फक्त बाहेरच्या, भाड्याने घेतलेल्या लॉबिस्टसाठी होती. कॅमेरन कंपनीचे कर्मचारी ठरले, त्यामुळे ती त्यांना लागू नव्हती. संसदेच्या समितीने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की त्यांच्याकडून तारतम्याची मोठी चूक झाली, नियम मात्र मोडला नाही. आणि नियम पुरेसे कडक नव्हते, असंही समितीने जोडलं.

याच चौकशीच्या धुरळ्यात आणखी एक गोष्ट वर आली. सरकारी खरेदीचे प्रमुख राहिलेले बिल क्रॉदर्स २०१५ मध्ये सरकारी सेवेत असतानाच ग्रीनसिलचे अर्धवेळ सल्लागार झाले होते, आणि त्याला वरिष्ठांची परवानगी होती. आधीच तिथे काम सुरू असल्यामुळे सेवा सोडताना समितीकडे जायचीही गरज नाही असं मानलं गेलं. दारावर पहारेकरी बसवला होता, पण माणूस आत असतानाच दुसऱ्या घरात राहत होता.

ग्रीनसिलला कर्ज मिळालं नाही, म्हणजे व्यवस्था टिकली असं काहीजण म्हणतात. ते खरंही आहे. पण महामारीच्या त्या आठवड्यांत अर्थखात्यातल्या सर्वांत महागड्या माणसांचे किती तास एका कंपनीच्या अर्जावर गेले? माजी पंतप्रधानाचा नंबर नसलेल्या कंपनीला असा वेळ मिळाला असता का? उचलला जाणारा फोन म्हणतात तो हाच. काम होवो न होवो, ऐकून तर घेतलं जातं.

त्यांनी खायचं काय

दुसरी बाजूही नीट ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. मंत्रिपद ही बेभरवशाची नोकरी आहे. पंचेचाळिशीतला माणूस निवडणूक हरतो, त्याची मुलं शाळेत असतात, आणि दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या पेशात आता त्याला कोणी विचारत नाही. त्याला पाच वर्षं काही करू नकोस म्हटलं तर राजकारणात दोनच प्रकारची माणसं येतील. ज्यांना कमावण्याची गरज नाही ती, आणि जी खुर्ची काही केल्या सोडणार नाहीत ती. उलट बाजूने, आरोग्यखातं सांभाळलेला डॉक्टर एखाद्या रुग्णालयसमूहात गेला किंवा ऊर्जामंत्री राहिलेला अभियंता पवनऊर्जेच्या कंपनीत गेला तर समाजाचं काही बिघडत नाही, कदाचित भलंच होतं. निक क्लेग २०१५ पर्यंत ब्रिटनचे उपपंतप्रधान होते आणि २०१८ मध्ये फेसबुकमध्ये गेले. मधे तीन वर्षं गेली होती आणि त्यांचा पक्ष सत्तेच्या आसपासही नव्हता. कंपनीने त्यांचं राजकारणाचं ज्ञान घेतलं असं म्हणायला जागा आहे, लंडनमधल्या कोणाचा फोन नंबर नव्हे.

पण हा युक्तिवाद नेहमी एक गोष्ट गाळून मांडला जातो. कोणताही नियम माजी मंत्र्याला काम करू नको म्हणत नाही. त्याने शिकवावं, लिहावं, वकिली करावी, शेती करावी. ज्याच्या फायली कालपर्यंत त्याच्या टेबलावर होत्या त्याच्याकडून आज पगार घेऊ नये, एवढंच. आणि तेही कायमचं नव्हे. अर्थमंत्र्याला बँका आणि गुंतवणूक कंपन्या सोडून जगात कामच मिळत नाही, हे पटायला कठीण आहे.

थांबायला लावायचं तर थांबण्याचा खर्च सरकारने उचलावा, हा मला यातला सर्वांत सरळ विचार वाटतो. युरोपीय आयोगाच्या माजी आयुक्तांना दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ४० ते ६५ टक्के भत्ता मिळतो. जर्मनीतही मंत्र्याला पद सोडल्यावर संक्रमणभत्ता आहे. 'हरलेल्या मंत्र्याला फुकट पगार' अशा मथळ्यांमुळे ही कल्पना कुठेच लोकप्रिय होत नाही. पण एका चुकीच्या कंत्राटाची किंमत लक्षात घेतली तर दोन वर्षांचा भत्ता चिल्लर आहे.

आणि आतल्या खोलीतल्या त्या न बोललेल्या वायद्याचं काय? त्यावर नेमका उपाय कोणाकडे नाही, पण जवळ जाणारा एक आहे. अमेरिकेत २०१२ च्या एका कायद्याने वरिष्ठ पदावरच्या माणसाने नोकरीची बोलणी सुरू केली की तीन दिवसांत ते लेखी कळवायचं आणि त्या कंपनीच्या कामातून बाजूला व्हायचं, असं बंधन आलं. बोलणी होण्याआधीचं मन त्यालाही वाचता येत नाही. तरी ड्रुयुन यांच्यासारखा प्रसंग त्यामुळे निदान कागदावर तरी येतो.

पुढच्या वेळी अशी बातमी दिसली तर पगाराच्या आकड्याकडे नंतर बघा. आधी पद सोडल्याची तारीख आणि रुजू होण्याची तारीख यांच्यातले महिने मोजा. मग बघा की त्या कंपनीचं काम त्या मंत्र्याच्या खात्याकडे कधी होतं का, त्याचा पक्ष अजून सत्तेत आहे का, आणि पदाच्या नावात 'धोरणात्मक', 'वरिष्ठ' किंवा 'जागतिक' यांच्यापुढे प्रत्यक्ष काम काय ते लिहिलंय का. या चार गोष्टींवरून बहुतेक वेळा अंदाज येतो की कंपनीने डोकं विकत घेतलंय की फोन.

ब्रिटनने ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲकोबा बंद केली. मंत्र्यांची प्रकरणं आता पंतप्रधानांच्या स्वतंत्र नीतिमत्ता सल्लागाराकडे गेली आहेत आणि अधिकाऱ्यांची सनदी सेवा आयोगाकडे. पहिल्यांदाच पैशाची शिक्षाही आली. नियमांचा गंभीर भंग करणाऱ्या मंत्र्याने पद सोडताना मिळालेली रक्कम परत करावी, अशी अपेक्षा ठेवली गेली आहे. ही रक्कम मंत्रिपदाच्या वार्षिक पगाराचा चौथा हिस्सा असते. मंत्रिमंडळातल्या मंत्र्यासाठी सुमारे १६,९०० पाउंड. ब्लॅकरॉकने ऑस्बर्न यांना दिलेल्या दराने हे सव्वा दिवसाचं काम होतं.